बहरीनच्या बँका : कालच्या आणि आजच्या



बहरीनचं नाव काढलं की आपल्यातल्या वयस्कर मंडळींना मोती आठवतात, नाहीतर तेल. नातवंडांना आठवते ती मोटारींची शर्यत. पण ह्या देशाचा आणखी एक जुना धंदा आहे, आणि तो म्हणजे दुसऱ्यांचे पैसे सांभाळण्याचा. देश केवढा, तर बृहन्मुंबईपेक्षा थोडासाच मोठा. वस्ती पंधरा-सोळा लाखांची, आणि त्यातले निम्म्याहून जास्त लोक बाहेरून पोटासाठी आलेले. अशा ह्या बेटावर एके काळी परदेशी बँकांच्या सत्तरच्या वर कचेऱ्या होत्या. एवढ्या बँका तिथे का गेल्या, आणि त्यातल्या अगदी पहिल्या बँकेचा आपल्या मुंबईशी काय संबंध, हे सांगावं म्हणून हा लेख.

मुलांनो, तुमच्यासाठी आधी एक मराठी शब्द सांगते : पत. पत म्हणजे तुमच्या शब्दावर दुसऱ्याने किती पैसे ठेवावेत त्याचं माप. इमारत, तिजोरी, संगणक हे सगळं नंतर. पत असली तर ओट्यावर बसूनसुद्धा बँक चालते, आणि पत गेली तर काचेचा मनोरासुद्धा रिकामा होतो. बहरीनमध्ये ह्या दोन्ही गोष्टी घडल्या आहेत.

बँका यायच्या आधी तिथे मोत्यांचं राज्य होतं. उन्हाळ्याचे चार महिने गलबतं समुद्रात असायची. पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून खाली जायचे आणि शिंपले वर आणायचे. पण गलबत निघायच्या आधी पैसा लागतो. तांदूळ, खजूर, दोरखंड तर घ्यायचेच, शिवाय चार महिने घरात बायकामुलं काय खाणार? तेव्हा नाखुदा, म्हणजे गलबताचा तांडेल, पाणबुड्याला आगाऊ रक्कम द्यायचा. नाखुद्याला कोण देणार? मोत्यांचा व्यापारी. आणि व्यापाऱ्याला पुष्कळदा हिंदुस्थानातला एखादा भाटिया किंवा बनिया सावकार. मनामा शहरात हे हिंदू व्यापारी पिढ्यान् पिढ्या राहत होते, त्यांचं श्रीनाथजीचं देऊळ तिथे दोनशे वर्षांपासून आहे. म्हणजे पाहा, कर्जाची साखळी मुंबईच्या पेढीपासून निघून समुद्राच्या तळाशी गुदमरणाऱ्या माणसापर्यंत जात होती. मोती उलट्या दिशेने यायचे. बहरीनचे मोती विकले जायचे ते मुख्यतः मुंबईच्या झवेऱ्यांकडे.

ह्या साखळीत सर्वांत खालचा माणूस कधी मोकळा होत नसे. हंगाम वाईट गेला की आगाऊ रक्कम अंगावर राहायची, पुढच्या वर्षी तिच्यात भर पडायची, आणि बाप मेला तर कर्ज मुलाच्या डोक्यावर यायचं. पाणबुड्याला लिहिता-वाचता येत नसे, हिशेब नाखुद्याच्या वहीत. १९२० नंतरच्या दशकात इंग्रजांच्या दबावाने तिथे सुधारणा झाली आणि प्रत्येक पाणबुड्याच्या हाती त्याच्या हिशेबाची वही असावी असा नियम झाला. मला विचाराल तर बहरीनच्या बँकांच्या इतिहासात हीच पहिली पासबुकं. बँकवाले हे मान्य करणार नाहीत, पण असो.

चलन कोणतं? तर आपला रुपया. होय, ज्या रुपयाने आपण भायखळ्याच्या बाजारात भाजी घेत होतो तोच. मनामा बंदरात मारिया थेरेसाचे चांदीचे डॉलरही चालायचे, पण हिशेब रुपयांतच. मुंबईहून बसऱ्याला जाणाऱ्या टपालबोटी वाटेत बहरीनला थांबायच्या, आणि हंगामाच्या तोंडावर रुपयांच्या पेट्या त्यांतूनच उतरायच्या.

अशा ठिकाणी १९१७ साली पैसे बदलून देणारी एक पेढी निघाली, तिच्याबद्दल शेवटी लिहिते. आणि १९२० साली पहिली खरीखुरी बँक आली, तिचं नाव ईस्टर्न बँक. ही बँक १९०९ मध्ये लंडनला निघाली होती आणि तिच्या उभारणीत ई. डी. ससून पेढीचा मोठा हात होता. ससून हे नाव आपल्याला नवीन नाही. पुण्याचं ससून रुग्णालय आजोबा डेव्हिड ससून यांच्या देणगीतलं. फोर्टातलं निळं सिनेगॉग, केनेसेथ एलियाहू, हे नातू सर जेकब ससून यांनी १८८४ मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ बांधलं. त्यांच्या गिरण्यांत आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल पेटली. बगदादी आणि बेने इस्राएल ह्यांच्यात तेव्हा काय गोडी होती ते ज्येष्ठांना मी सांगायला नको, त्यांनी आपल्याला कधी बरोबरीचं मानलं नाही. पण बगदादहून मुंबईला आलेल्या ह्या घराण्याचा पैसा पुढे बगदाद, बसरा आणि बहरीनच्या बाजारात बँक होऊन परत गेला, ही गोष्ट मला गमतीची वाटते.

ईस्टर्न बँकेचं काम काय होतं? सामान्य माणूस तिथे बचत ठेवायला जात नसे. ती सरकारचा पैसा ठेवायची, व्यापाऱ्यांच्या हुंड्या वटवायची, मुंबईवर ड्राफ्ट द्यायची. पुढे मोत्यांवर दोन संकटं एकदम आली. जपानने शिंपल्यात मोती पिकवायची युक्ती काढली, आणि १९२९ च्या मंदीत अमेरिका-युरोपातल्या श्रीमंत बायकांनी मोती घेणं सोडलं. बेटावर उपासमारीची पाळी आली असती, पण १९३२ मध्ये तिथे तेल लागलं. खाडीच्या अरबी किनाऱ्यावरचं हे पहिलं तेल. बापको कंपनीने शुद्धीकरणाचा कारखाना काढला, पगारदार नोकर आले, आणि पगार आला की बँक लागतेच. चोवीस वर्षं ईस्टर्न बँक एकटीच होती. १९४४ मध्ये दुसरी आली, इंपीरियल बँक ऑफ इराण. ही मूळची १८८९ सालची, आणि तिचा परवाना मिळवणारे बॅरन रॉयटर, बातम्यांच्या रॉयटर कंपनीचे संस्थापक, जन्माने जर्मनीतले यहुदी होते, नंतर त्यांनी धर्म बदलला. ह्या बँकेची नावंही बदलत गेली : आधी ब्रिटिश बँक ऑफ द मिडल ईस्ट झाली, मग हाँगकाँगवाल्यांनी घेतली, आज तिला एच.एस.बी.सी. म्हणतात. ईस्टर्न बँकही १९५७ मध्ये चार्टर्ड बँकेने विकत घेतली आणि आज ती स्टँडर्ड चार्टर्ड आहे. बायका लग्नात आडनाव बदलतात तशा बँकाही बदलतात, फक्त बँका चार-चार वेळा लग्न करतात.

माझा मोठा मामा १९५१ मध्ये बापकोत कारकून म्हणून गेला. आपली माणसं त्या काळी नोकरीसाठी एडनला, कराचीला, रंगूनला जायची, तसाच तो. फरक एवढाच की बहरीनमध्ये डिसेंबर १९४७ मध्ये, पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव झाल्याबरोबर, दंगल झाली होती. यहुद्यांची घरं-दुकानं लुटली गेली, सिनेगॉगची नासधूस झाली. मामाचं आडनाव ‘कर’ने संपणारं, पासपोर्ट भारताचा, बोली मराठी. लोकांनी त्याला मुंबईचा हिंदू समजलं आणि त्याने तो समज मोडला नाही. पंधरा-सोळा वर्षं तो तिथे राहिला पण शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावताना खिडकी लावून घ्यायचा. हे त्याने आम्हांला पुष्कळ नंतर सांगितलं.

दर महिन्याला माझगावला रजिस्टर्ड पाकीट यायचं. आत बँकेचा ड्राफ्ट. आजीला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तो वाचायचं काम माझ्याकडे. मी सर एली कदुरी शाळेत शिकत होते, इंग्रजी अक्षरं जुळवून मोठ्याने वाचायची, “वन हंड्रेड अँड फिफ्टी रुपीज ओन्ली.” आजी विचारायची, “ओन्ली म्हणजे काय गं?” मी सांगायची, फक्त. “फक्त कसे? दीडशे रुपये फक्त कसे?” तिला हा शब्द अपमानाचा वाटायचा.

आता ज्येष्ठ वाचकांपैकीही थोड्यांना ठाऊक असेल ती गोष्ट. १९५९ मध्ये भारताच्या रिझर्व्ह बँकेने खाडीतल्या देशांसाठी वेगळ्या नोटा काढल्या. कारण होतं सोनं. चोरटे व्यापारी खाडीतून सोनं आणून मुंबईच्या किनाऱ्यावर उतरवायचे, बदल्यात रुपयांच्या नोटा न्यायचे, त्या नोटा तिथल्या बँकांत भरल्या जायच्या आणि शेवटी भारत सरकारला त्यांच्या बदल्यात पौंड मोजावे लागायचे. म्हणजे सोनं चोरीचं आणि किंमत सरकारने द्यायची! म्हणून ‘गल्फ रुपया’ आला. नोटेवर तोच अशोकस्तंभ, तीच मांडणी, पण रंग वेगळे आणि क्रमांकाच्या आधी इंग्रजी ‘झेड’ अक्षर. भारतात ह्या नोटा चालत नव्हत्या.

मामा सुट्टीवर आला तेव्हा मी परीक्षेत पास झाले म्हणून त्याने मला दहाची एक नोट दिली. लाल रंगाची. मी ती घेऊन धावत वाण्याकडे गेले. वाण्याने ती उजेडात धरली, उलटीपालटी केली आणि म्हणाला, “बेबी, ही आपली नाय.” अशोकस्तंभ असून आपली नाही! दहा वर्षांच्या मुलीला हे कसं समजावं? मामाने मग मला सगळं समजावून सांगितलं आणि बदल्यात आपल्याकडची दहाची नोट दिली. नोट तीच, छापणारा तोच, पण कुठे ती पैसा आहे आणि कुठे नुसता कागद, हे मी त्या दिवशी शिकले. पुढे १९७० मध्ये इथे आल्यावर लिरा, मग जुना शेकेल, मग नवा शेकेल असं तीनदा पाहिलं तेव्हा मला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

बहरीनने १६ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वतःचा दिनार काढला. दहा गल्फ रुपयांना एक दिनार, आणि एका दिनाराचे हजार फिल्स. मुहूर्त चांगलाच लागला म्हणायचा, कारण पुढच्या जूनमध्ये भारताने रुपयाची किंमत उतरवली. एका डॉलरला ४ रुपये ७६ पैसे पडायचे ते साडेसात झाले. दिनार मात्र जिथल्या तिथे. त्यामुळे मामाच्या पंधरा दिनारांचे आजीला आधी दीडशे मिळायचे ते आता दोनशे छत्तीसच्या घरात गेले. चाळीत सगळे म्हणाले, तुमच्या मुलाला बढती मिळाली काय? आजी म्हणाली, “बढती कसली? तेलाचा डबा बघा कुठं गेलाय.”

ह्या सगळ्याच्या मध्येच, १९५७ मध्ये, बहरीनच्या व्यापाऱ्यांनी स्वतःची पहिली बँक काढली होती, ती नॅशनल बँक ऑफ बहरीन. आजही ती तिथली मोठी बँक आहे. १९७१ मध्ये कुवेतच्या भागीदारीत बँक ऑफ बहरीन अँड कुवेत निघाली, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला. तारीख आपल्या ओळखीचीच.

पण तोवर तिथल्या राज्यकर्त्यांना एक काळजी लागली होती. तेल पहिलं सापडलं खरं, पण थोडं होतं. शेजारी सौदी आणि कुवेत ह्यांच्याकडे तेलाचे समुद्र, आणि १९७३ मध्ये तेलाचे भाव कडाडले तेव्हा त्यांच्याकडे पैसा ठेवायला जागा पुरेना. हा पैसा सांभाळायचं काम तोवर बेरूतकडे होतं. तिथेही आपली माणसं होती : बगदादच्या झिल्खांची बँक होती, आणि अलेप्पोच्या सफ्रा कुटुंबाची. येरुशलायिमला महापालिकेसमोरचा किकार सफ्रा ज्यांच्या नावाने आहे ना, तेच हे घराणं. एप्रिल १९७५ मध्ये बेरूतमध्ये यादवी युद्ध पेटलं. रस्त्यावर गोळीबार सुरू झाला की बँकेचा कारकून कामावर येत नाही, आणि पैसा तर कारकुनाच्याही आधी पळतो.

बहरीनने ही संधी ओळखली. तिथे नुकतीच ‘बहरीन मॉनिटरी एजन्सी’ स्थापन झाली होती, तिचे प्रमुख ॲलन मूर नावाचे इंग्रज गृहस्थ होते. १९७५ मध्ये त्यांनी परदेशी बँकांना सांगितलं : या, कचेरी उघडा, नफ्यावर कर नाही, वर्षाची ठरावीक फी भरा. अट एकच, इथल्या माणसांशी व्यवहार करायचा नाही, बाहेरचा पैसा घ्यायचा आणि बाहेरच द्यायचा. ह्यांना ‘ऑफशोअर’ बँका म्हणतात. मुलांनो, असं समजा की कुणी तरी आपल्या ओट्यावर दुकान मांडलं, गिऱ्हाईक बाहेरचं, माल बाहेरचा, आपल्याला फक्त ओट्याचं भाडं, आणि घरातल्या चार पोरांना नोकऱ्या. ह्यात बहरीनचा खरा माल होता घड्याळ आणि टेलिफोन. सिंगापूर, टोकियो बंद होतात आणि लंडन उघडायचं असतं तो मधला वेळ बहरीनचा. आणि उपग्रहाशी बोलणारं केंद्र त्यांनी १९६९ मध्येच उभारलं होतं. आपल्याकडे तेव्हा ट्रंक कॉल लावून लोक तासन् तास बसायचे!

दहा वर्षांत अशा कचेऱ्या सत्तरच्या पुढे गेल्या. अमेरिकन आल्या, जपानी आल्या, आपली स्टेट बँक ऑफ इंडियाही गेली. अरब सरकारांनी मिळून १९७५ मध्ये गल्फ इंटरनॅशनल बँक आणि १९८० मध्ये अरब बँकिंग कॉर्पोरेशन अशा दोन बड्या बँका तिथेच काढल्या. समुद्रात भराव टाकून नवी जमीन केली आणि तिच्यावर मनोरे उभे केले. १९८६ मध्ये सौदीला जोडणारा पूल झाला.

आणखी एक निराळा प्रकार तिथे वाढला, आणि आपल्या वाचकांना तो कळायला सोपा आहे. १९७९ मध्ये बहरीन इस्लामिक बँक निघाली, व्याज न घेणारी. मुसलमानांच्या धर्मात व्याज हराम. मग बँक चालते कशी? तुम्हाला घर घ्यायचं असेल तर बँक आधी ते घर स्वतः विकत घेते आणि थोडा नफा ठेवून तुम्हाला हप्त्यांनी विकते. किंवा धंद्यात भागीदार होते आणि नफ्यातोट्यात वाटा घेते. इथले काही लोक हे ऐकून हसतात, व्याजालाच दुसरं नाव दिलं म्हणतात. हसणाऱ्यांनी पुढच्या वेळी आपल्या बँकेत गेल्यावर भिंतीकडे पाहावं. तिथे चौकटीत एक कागद असतो, ‘हेतेर इस्का’. भावाकडून व्याज घेऊ नये असं तोरातही सांगितलंच आहे, म्हणून आपल्या रब्बींनी कर्जाला भागीदारीचं रूप देणारा हा करार काढला. माशकांता आपण सगळेच भरतो, पण कागदावर बँक आपली भागीदार असते. तेव्हा ह्या बाबतीत दोन्ही घरं सारखीच. जगभरच्या इस्लामी बँकांचे हिशेब कसे ठेवावेत ह्याचे नियम करणारी संस्था आज बहरीनमध्येच आहे.

चांगले दिवस कायमचे राहिले नाहीत. १९८० नंतर तेलाचे भाव पडले, १९८२ मध्ये कुवेतचा सट्टाबाजार कोसळला, १९९० मध्ये सद्दामने कुवेत घेतलं आणि बहरीनमधल्या बऱ्याच परदेशी बँकांनी कचेऱ्या आवरल्या. पुढे दुबई आली. बहरीन मात्र चिकाटीने टिकून राहिलं. २००६ मध्ये मॉनिटरी एजन्सीची ‘सेंट्रल बँक ऑफ बहरीन’ झाली.

खरा धक्का २००९ मध्ये बसला. सौदीतली दोन धनाढ्य घराणी, गोसैबी आणि साद समूहाचे साने, आपसांतले सोयरे. दोघांच्याही बहरीनमध्ये बँका, एकाची टी.आय.बी.सी. आणि दुसऱ्याची अवाल बँक. जगातल्या मोठमोठ्या बँकांनी ह्यांना नुसत्या नावावर कर्जं दिली होती. कागद नीट तपासायचे कशाला, एवढं मोठं घराणं! दोन्ही बँका पैसे देईनाशा झाल्या तेव्हा सेंट्रल बँकेने त्या ताब्यात घेतल्या. अब्जावधी डॉलर अडकले, दोन्ही घराणी देशोदेशींच्या न्यायालयांत वर्षानुवर्षं एकमेकांवर आरोप करीत बसली. त्या बँकांत सामान्य माणसांची बचत नव्हती एवढंच नशीब. २०१२ मध्ये आर्कापिटा नावाची तिथली गुंतवणूक करणारी बँक न्यूयॉर्कच्या कोर्टात दिवाळखोरीसाठी उभी राहिली. आमच्या वॉर्डात एक नियम होता : मोठ्या डॉक्टरची सही असली तरी औषधाची बाटली स्वतः वाचायची. बँकवाल्यांना असा नियम कुणी शिकवला नव्हता असं दिसतं.

त्यानंतर छोट्या बँका मोठ्यांत मिसळू लागल्या. २०२० मध्ये नॅशनल बँकेने बहरीन इस्लामिक बँकेचा मोठा हिस्सा घेतला. २०२२ मध्ये तिथली फार मोठी अहली युनायटेड बँक कुवेत फायनान्स हाऊसने विकत घेतली.

आता १९१७ च्या त्या पेढीकडे येते. तिचं नाव बहरीन फायनान्सिंग कंपनी, लोक बी.एफ.सी. म्हणतात. ही बहरीनच्या नोनू कुटुंबाची. नोनू म्हणजे इराकातून आलेले यहुदी. बहरीनमध्ये आपले लोक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुख्यतः इराकातून गेले, काही इराणातून आणि हिंदुस्थानातूनही. १९४७ च्या दंगलीआधी ते काही शेकडा होते. त्यानंतर बहुतेक जण निघून गेले, कुणी इंग्लंडला, कुणी अमेरिकेला, कुणी इथे. आज पन्नासच्या आसपास आहेत. नोनू राहिले. त्यांच्यातले इब्राहीम नोनू तिथल्या शूरा कौन्सिलचे सभासद झाले, आणि हुदा नोनू २००८ ते २०१३ अमेरिकेत बहरीनच्या राजदूत होत्या, कुठल्याही अरब देशाच्या त्या पहिल्या यहुदी राजदूत. ज्या बाजारात त्यांच्या लोकांची दुकानं लुटली गेली त्याच बाजारात हे घराणं लोकांचे पैसे हातात घेऊन बसून राहिलं, आणि लोकांनी ते त्यांच्या हाती दिले. हे मला त्या सगळ्या काचेच्या मनोऱ्यांपेक्षा मोठं वाटतं.

२०२२ मध्ये, बेन गुरियनहून मनामाला थेट विमान चालू होतं तेव्हा, आम्ही निवृत्त मंडळी तीन दिवसांसाठी जाऊन आलो. दुरुस्त केलेलं सिनेगॉग पाहिलं. बाब अल बहरीन ही जुनी वेस पाहिली, जिच्यासमोर मामाच्या काळी समुद्र होता. आता समुद्र दिसतच नाही, भराव टाकून तो दूर सारला आहे आणि गलबतं नांगरायची तिथे बँकांचे मनोरे आहेत. त्या दिवशी शुक्रवार होता, मजुरांच्या सुट्टीचा दिवस. बाजारात पैसे पाठवायच्या दुकानांपुढे रांगा. बंगाली, नेपाळी, केरळच्या नर्सेस. मी नर्सेसशी बोलायला थांबले, जुनी सवय. एक सांगत होती की ती हल्ली फोनवरूनच पैसे पाठवते, पण आज मैत्रिणीबरोबर आली आहे, कारण मैत्रिणीची आई गावाला रोख रक्कमच घेते, खात्यावर तिचा विश्वास नाही.

मागून कुणी तरी मराठीत म्हणालं, “मावशी, तुम्ही कुठच्या?” पन्नाशीचा माणूस, म्हसळ्याचा, सुतारकाम करणारा. कोकणी मुसलमान. मी म्हटलं, “मूळची रेवदंड्याची.” तो खूश झाला. “म्हणजे आमच्या शेजारच्याच की! आता कुठं असता?” मी घटकाभर थांबले. मामा असता तर त्याने मुंबई सांगितलं असतं. मी म्हटलं, “इस्रायलला.” त्याने माझ्याकडे पाहिलं, जरा विचार केला आणि विचारलं, “तिथून घरी पैसे पाठवायला किती कापतात?”

मी म्हटलं, मला ठाऊक नाही बाबा, माझं आता तिकडे पैसे पाठवायला कुणी उरलं नाही. त्याने मान हलवली. त्याची मुलगी अलिबागला कॉलेजात होती, तिची फी भरायची होती. बावीस वर्षं तो दर महिन्याला असाच उभा राहत होता. दिनाराचा भाव त्याला तोंडपाठ. १९६५ मध्ये दिनाराला दहा रुपये मिळायचे, तेव्हा, म्हणजे २०२२ मध्ये, दोनशेच्या वर मिळत होते. मी त्याला दहा रुपयांचा भाव सांगितला तर त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. मग त्याचा नंबर लागला आणि तो काचेपाशी गेला.

आपल्यापैकी आणखी कुणाचे वडील, काका, मामा बहरीनला, एडनला किंवा अबादानला नोकरीला होते का? घरात जुने ड्राफ्ट, पत्रं, पगाराच्या चिठ्ठ्या असतील तर टाकून देऊ नका. त्यांची नक्कल संपादकांकडे पाठवा. आणि कुणापाशी लाल रंगाची, ‘झेड’ अक्षराची दहाची नोट असेल तर मला ती एकदा मुलांना दाखवायला हवी आहे. माझी तर मामाने परत घेतली होती.